टाचांच्या भेगा आणि घरचे मलम

नवरात्र आले की कोराडीचा रस्ता रात्रीसुद्धा जागा असतो. नागपूरहून, कामठीहून, आसपासच्या खेड्यांतून माणसे जगदंबेच्या दर्शनाला पायी येतात. कोणी नवस बोललेला असतो, कोणी नुसता सोबतीने निघालेला असतो. पुष्कळजण अनवाणी चालतात. नागपूर ते कोराडी म्हणजे पंधरा-एक किलोमीटर. रस्ता डांबरी, कडेला गिट्टी. एवढे चालून देवळाच्या पायरीवर टेकले, की माणूस आधी काय करतो? पाय उलटा करून तळवा पाहतो.

आम्ही कोराडीत बायांचा साक्षरता वर्ग घेतो. नवरात्र संपते, दिवाळी होते आणि थंडी पडू लागते. मग वर्गातल्या बायांचे लक्ष पाटीवर कमी आणि टाचांवर जास्त असते. मागच्या थंडीत एका मावशींनी वर्ग चालू असतानाच पाय पुढे केला. म्हणाल्या, "बाई, भेगेचा 'भ' तं मी गिरवला. पण भेगेवर काय लावू, ते कोणत्या पुस्तकात आहे?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण टाच नीट पाहिली तेव्हा हसू थांबले. भेग इतकी खोल होती की आत लाल दिसत होते. या मावशी वीटभट्टीवर कामाला जातात. दिवसभर पाय मातीत आणि राखेत. घरी आल्या की भांडी, धुणे, म्हणजे पुन्हा पाय पाण्यात आणि साबणात.

"रोज रात्री तेल लावून राहिले ना मी," मावशी म्हणाल्या. "तरी काऊन भेगा पडते?"

प्रश्न फार चांगला होता. तेल लावूनही भेगा का पडतात? उत्तर देण्याआधी आपली कातडी कशी असते ते पाहिले पाहिजे.

कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे एक भिंतच समजा. विटा आणि मधला गारा. विटा म्हणजे कातडीचे बारीक बारीक मेलेले कण, आणि गारा म्हणजे त्यांच्यामधली चरबी. विटांमध्ये थोडे पाणी मुरलेले असते. पाणी आहे तोवर थर लवचिक राहतो. गारा शाबूत आहे तोवर आतले पाणी बाहेर उडत नाही आणि बाहेरची घाण आत जात नाही. चेहऱ्यावर ही भिंत कागदासारखी पातळ असते. टाचेवर ती कितीतरी जाड असते, कारण साऱ्या अंगाचा भार तिथे पडतो.

आता एक गंमत ऐका. आपल्या अंगाच्या बहुतेक कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी आहेत. चेहरा, डोके, पाठ यांना आतून थोडे थोडे तेल मिळत राहते. तळहात आणि तळपाय यांना मात्र त्या ग्रंथीच नाहीत. तिथे घाम येतो, पण तेल येत नाही. म्हणून गालावर तेलकटपणा असलेल्या माणसाचीही टाच कोरडी असते.

आपल्याकडची काळी माती सगळ्यांनी पाहिली आहे. पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ असते. मे महिन्यात त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काय कमी झाले? पाणी. माती तीच आहे. टाचेचेही तसेच होते. नागपूरकडची थंडीतली हवा कोरडी, उन्हाळ्यातली तर विचारूच नका. जाड कातडीतले पाणी उडून जाते. थर कडक होतो. वरून अंगाचा भार पडला की टाच कडेला पसरू पाहते, पण कडक झालेला थर पसरू शकत नाही. मग तो फाटतो.

आम्ही मावशींना विचारले, "भेगाळलेल्या शेतात घागरभर तेल ओतले तर शेत भिजेल का?"

"नाही बाप्पा! पाणीच लागते."

झाले तर मग! मावशी कोरड्या टाचेवर तेल चोळत होत्या. तेलाने पाणी येत नाही. तेल फक्त आहे ते पाणी अडवून धरते. आधी टाचेत पाणी मुरवायचे आणि मग वरून झाकण घालायचे, असा हा क्रम आहे. रात्री कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवावेत. पाणी कढत नको. पाय फडक्याने नुसते टिपून घ्यावेत, खसाखसा पुसू नयेत, आणि ओलसर असतानाच मलम लावावे. मावशींचे तेल वाईट नव्हते, ते लावण्याची वेळ चुकत होती.

मग वर्गात ठरले की मलम आपणच करून पाहू.

चांगल्या मलमाला तीन कामे करावी लागतात. एक, पाणी धरून ठेवणे. दुसरे, विटांमधल्या फटी बुजवून कातडी मऊ करणे. तिसरे, वर झाकण घालणे. ग्लिसरीन पहिले काम करते. तेल आणि तूप दुसरे काम करतात. मेण किंवा व्हॅसलीन तिसरे काम करते. यांखेरीज एखादा गुणकारी पदार्थ घातला, जसे हळद, तर तो चौथा. पुष्कळांना वाटते की सारे महत्त्व या चौथ्याचेच. डबीवर चंदनाचे नाव, केशराचे चित्र. पण मलमातले निम्म्याहून जास्त काम साधे तेल आणि साधे मेणच करीत असते. गाडी चांगली नसेल तर आत बसलेला पाहुणा घरी पोचणार कसा?

तेल कोणते घ्यावे यावर वर्गात बरीच वादावादी झाली. एक काकू म्हणाल्या, जवसाचे घ्या, आमच्याकडे तेच खातात. जवसाचे तेल खायला उत्तम. पण सुतार लाकडाला कोणते तेल लावतो ते आठवा. तेही जवसाचेच. कारण ते हवेत हळूहळू सुकते, चिकट होते आणि त्याचा पापुद्रा बनतो. लाकडाला तो हवा असतो, टाचेला नको. शिवाय हे तेल लवकर खवट होते. मोहाच्या बियांचे तेल आपल्या जंगलपट्टीत भेगांना पूर्वीपासून लावतात. ते थंडीत तुपासारखे थिजते आणि टाचेवर चांगले बसते. मिळत असेल तर जरूर घ्यावे. कोकणात याच कामाला कोकमाच्या बियांचे घट्ट तेल वापरतात. आम्ही घेतले तिळाचे, कारण ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाले आणि ते बरेच दिवस टिकते.

आता मेण. मेण म्हणजे मेणबत्तीचे नव्हे, मधमाशीच्या पोळ्याचे पिवळे मेण. वर्गातल्या सर्वांत वडील आजी लगेच म्हणाल्या, "आमच्या वेळी कुंकवाच्या डबीजवळ मेणाची डबी राहे. आधी कपाळाला मेण, मंग त्याच्यावर कुंकू." अगदी बरोबर. मेणावर कुंकू धरून राहते, पुसले जात नाही. जे काम मेण कपाळावर करीत होते, तेच ते टाचेवर करते. ते चिकटून राहते आणि पाण्याला अडवते.

तिळाचे तेल आणि मेण यांचे मलम काही नवे नाही. आयुर्वेदात त्याला सिक्थ तैल म्हणतात. सिक्थ म्हणजे मेण. तिकडे रोम शहरात गॅलन नावाच्या वैद्याने जैतुनाचे तेल, मेण आणि गुलाबपाणी घोटून मलम केले, त्यालाही अठराशे वर्षे होऊन गेली. आज दुकानात कोल्ड क्रीम म्हणून जे मिळते, त्याचा तो पणजोबा.

आमचे माप असे होते: तेल १०० ग्रॅम, मेण २० ग्रॅम. दुकानदाराच्या काट्यावर मोजून घेतले. अंदाजाने घेऊ नये. मेण जास्त झाले तर मलम दगडासारखे होते, कमी झाले तर ते वाहते. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवले. त्यात दुसरे लहान भांडे ठेवून त्या भांड्यात तेल आणि किसलेले मेण घातले. तेल-मेणाचे भांडे थेट जाळावर कधीही ठेवू नये. तेल आणि मेण दोन्ही पेट घेतात. मेण वितळायला उकळत्या पाण्याची ऊब पुरते. सगळे एकजीव झाले की थंड ताटलीवर एक थेंब टाकावा. तो थिजला की बोटाने दाबून पाहावा. घट्ट वाटला तर भांड्यात थोडे तेल घालावे, पातळ वाटला तर चिमूटभर मेण. मग कोरड्या ठणठणीत डब्यांत ओतावे. आम्ही डबे आदल्या दिवशी उकळून उन्हात वाळवले होते. डब्यात पाण्याचा एक थेंबही राहू नये, असे आम्ही दहा वेळा बजावले.

आणि मग आम्ही स्वतःच शहाणपणा केला. अंगणात कोरफड होती. तिचा गर थंड आणि गुणकारी. तो घातला तर मलम आणखी चांगले होईल असे आम्हाला वाटले. दोन डब्यांत गर घोटून घातला. पहिल्या दिवशी ते मलम फार सुंदर दिसले. पांढरट, हलके, हाताला गार. बायांनी तेच डबे आधी मागितले. आठव्या दिवशी झाकण उघडले तर वर काळे ठिपके आणि आंबूस वास!

असे का झाले? कोरफडीचा गर म्हणजे बहुतेक सारे पाणीच. नुसत्या तेलात आणि मेणात बुरशी वाढत नाही, कारण तिला प्यायला पाणी नसते. गर घालून आम्ही तिला पाणीही दिले आणि खाऊही दिला. लोणच्यात ओला चमचा घातला की काय होते ते घरोघर ठाऊक आहे. इथेही तेच झाले. भेगेत उघडी जखम असते. असे बुरसलेले मलम तिथे लावले असते तर पाय पिकला असता. दोन्ही डबे आम्ही फेकून दिले.

मग कंपन्यांची क्रीम दोन दोन वर्षे कशी टिकतात? त्यांतही पाणी असतेच. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा तिसरा पदार्थ लागतो, आणि बुरशी होऊ नये म्हणून टिकवण्याचे औषध लागते. ते अगदी थोडे, पण नेमके मोजून घालावे लागते. "आमच्यात काहीच औषध नाही, सगळे झाडपाल्याचे" असे सांगून कोणी पाणीदार क्रीम विकत असेल आणि ते महिनोन् महिने टिकते म्हणत असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट खोटी आहे. घरी कोरफड लावायची असेल तर झाडावरून तोडावी, वरचा पिवळा चीक गळू द्यावा, आतला गर लावावा आणि उरलेला टाकून द्यावा.

तेल आणि पाणी यांची सांगड आपल्या जुन्या लोकांनी एका वेगळ्या रीतीने घातली होती. ती आम्हाला फार आवडते. तिचे नाव शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा धुतलेले तूप. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचे, थोडे गार पाणी घालायचे, हाताने फेटायचे, पाणी ओतून द्यायचे. पुन्हा नवे पाणी. असे शंभर वेळा. तुपाचा रंग बदलतो, वास जातो, कणी मोडते आणि पांढरेशुभ्र, लोण्याहून मऊ क्रीम हाती येते. पाण्याचे अगदी बारीक कण तुपात अडकून बसतात, म्हणून ते गार लागते. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही हे करून पाहिले. चाळीस वेळा धुतल्यावर आमचे हात दुखायला लागले. तेव्हा आजींनी परात ओढून घेतली आणि बाकीचे साठ त्यांनी पुरे केले. हे क्रीम थोडेच करावे आणि लवकर संपवावे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. चुलीने किंवा तेलाने अंग भाजले तर आधी वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे. ताज्या भाजण्यावर तूप, हळद, दंतमंजन काही लावू नये.

हळदीचे नाव आले, तर तिच्याकडे वळू. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली वायगावची हळद प्रसिद्ध आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या मुलखाबाहेरची हळद त्या नावाने विकता येत नाही. हळदीतला पिवळा गुणकारी भाग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून पाण्यात कालवलेली हळद अंगावर नुसती रंगासारखी बसते. तेलात मंद ऊब देऊन मुरवली आणि गाळून घेतली तर तिचा गुण तेलात उतरतो. उन्हात हा रंग आणि गुण दोन्ही उडतात, तेव्हा डबी अंधाऱ्या जागी ठेवावी. आमच्या १०० ग्रॅम तेलाला आम्ही एक लहान चमचा हळद घेतली, मुरवली, आणि दुहेरी फडक्याने गाळली. गाळली नाही तर कण भेगेत टोचतात. हळद बाजारातली खुली घेऊ नये. तिच्यात रंगाची भेसळ होते.

याच हळदीवरून एकदा मोठा खटला झाला. १९९५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या दोघांना, हळदीने जखम भरते या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोधाचा मालकीहक्क. आपल्या आजीला ठाऊक असलेल्या गोष्टीवर दुसऱ्याचा मालकीहक्क! तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेल गावचा जन्म, मुंबईत गरिबीत शिकलेले. परिषदेने १९९६ साली त्या पेटंटाला आव्हान दिले. आता अमेरिकेच्या कचेरीत "आमची आजी लावायची" असे सांगून भागत नाही. लेखी पुरावा लागतो. जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील नियतकालिके काढून पुढे ठेवली, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. आजीच्या बाजूने उभे राहिले ते कोणी तरी लिहून ठेवलेले कागद.

हळदीचेच क्रीम बाजारात आणणाऱ्यांचे मूळही आपल्या नागपूरचे. केशव विष्णू पेंढरकर हे नागपुरात किराणा दुकान चालवीत. पुढे ते मुंबईला गेले आणि १९५२ साली त्यांनी विको ही कंपनी काढली. आधी झाडपाल्याचे दंतमंजन केले. हळदीचे क्रीम पुढच्या पिढीच्या हाताखाली, १९७५ च्या सुमारास आले. लोकांना वाटायचे, हळद लावली की तोंड पिवळे होणार. पण सबंध हळद न घालता तिचा अर्क मोजून घातला तर रंग लागत नाही. नंतर सरकारी कर खात्याशी वाद झाला. हे क्रीम म्हणजे औषध की नटण्याची वस्तू? औषधावर कर कमी, नटण्याच्या वस्तूवर जास्त. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि निकाल औषधाच्या बाजूने लागला.

झाडपाल्याचे आहे म्हणजे अपाय नाही, असे मात्र समजू नका. बिब्बा झाडाचाच आहे ना? भेगांवर बिब्बा तापवून त्याचे तेल लावणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत. आणि बिब्बा उतला म्हणजे काय होते तेही सर्वांना माहीत आहे. फोड येतात, अंग सुजते, आग आग होते. धोब्याच्या कपड्यावर न निघणारी काळी खूण करणारा तो पदार्थ, तो उघड्या भेगेत कसा सोसवेल? लिंबाचेही तसेच. आपल्या कातडीला किंचित आंबटपणा मानवतो, पण लिंबू त्याच्या कितीतरी पट आंबट. त्यात लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर काहींच्या कातडीवर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. कोराडीच्या उन्हाला हे सांगायची गरज नाही. संत्र्याची साल वाळवून कुटतात, ती अंगाला लावायची तर कापडाने चाळून पिठासारखी करावी आणि जोराने घासू नये.

आता कारखान्यातल्या एका पदार्थाबद्दल सांगतो. नाव ऐकून वर्ग पुन्हा हसला होता. तो पदार्थ युरिया.

"शेतातला युरिया का बाई?" मावशींनी डोळे मोठे केले.

पदार्थ तोच. आपल्या कातडीतही तो थोडा असतो आणि पाणी धरून ठेवतो. औषधाच्या दुकानात १० टक्के युरियाचे क्रीम मिळते. ते कोरड्या टाचेत पाणी धरते आणि कडक थर सैल करते. त्याहून जास्त टक्क्यांचे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पण पोत्यातला युरिया चुकूनही लावू नये. तो पिकासाठी केलेला असतो, शुद्ध केलेला नसतो, आणि २०१५ पासून तर त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. आमचे स्वतःचे मत विचाराल तर फार जाड भेगांना युरियाचे क्रीम आमच्या मलमापेक्षा जास्त उपयोगी पडते. हे सांगायला आम्हाला लाज वाटत नाही. घरचे ते सगळे चांगले आणि कारखान्याचे ते सगळे वाईट, असे काही नाही.

पण कारखान्याचीही एक वस्तू अशी आहे की तिच्याबद्दल गप्प बसता येत नाही. वर्गातल्या एका तरुण सुनेने पिशवीतून एक लहान डबी काढली. गोरे करणारे क्रीम. डबीवर करणाऱ्याचा पत्ता नाही, काय काय घातले ते नाही, तारीख नाही. तिने सांगितले, "पंधरा दिवसात फरक पडला, बाई. घरचे म्हणाले, चालू ठेव."

पंधरा दिवसांत रंग उजळला की घाबरावे. अशा कित्येक डब्यांत पारा सापडला आहे. पारा कातडीतला काळा रंग बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो तिथेच थांबत नाही. कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे खराब करतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघीजणींची मूत्रपिंडे बिघडली. शोध घेता घेता त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. हे २०२३ साली वर्तमानपत्रांत आले होते. त्याच सुमारास केरळातही असे रोगी सापडले. आईच्या गालाचा पारा तिच्या तान्ह्या बाळाच्या अंगालाही लागतो. आपल्या कायद्याने क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे, तरी चोरून माल येतो. दुसरा प्रकार म्हणजे खाजेची मलमे. त्यांत स्टिरॉइड नावाचे तेज औषध असते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चार दिवस लावले तर ठीक. गोरे होण्यासाठी महिनोन् महिने लावले तर कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर केस येतात, आणि बंद केले की आग होते.

ती सून गप्प बसून ऐकत होती. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो आणि लघवी तपासून घेतली. दोष निघाला नाही. डबी तिने तिथेच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

आमचे मलम वर्गातल्या बायांना देण्याआधी प्रत्येकीच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहिले. एकीला खाज सुटली. तिला मेण सोसले नसेल की हळद, कोणास ठाऊक. तिला नुसते व्हॅसलीन दिले. आणखी एकीला साखरेचा आजार होता. तिला आम्ही मलम दिलेच नाही. साखर असलेल्या माणसाच्या पायाला पुष्कळदा दुखणे कळत नाही, आणि लहान भेगेतून पाय सडू शकतो. तिने सरळ डॉक्टरकडे जावे. भेगेतून पू येत असेल, पाय सुजला असेल, बोटांच्या बेचक्यात खाज असेल, तरी तसेच.

मावशींनी नेमाने लावले. रात्री कोमट पाणी, मग मलम, मग जुने सुती मोजे. मोजे घातल्याने अंथरूण खराब होत नाही, आणि रात्री उठले तर फरशीवर पाय घसरत नाही. दिवसा भट्टीवर जाताना पुढून मागून बंद असलेली चप्पल. ती चप्पल त्यांना मुलाने आणून दिली. तिसऱ्या आठवड्यात भेगेच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि लाल दिसत नव्हते. भेग अजून होती. पण मावशी टाच टेकवून चालत होत्या.

मग बचत गटात बोलणे निघाले की पुढच्या नवरात्रात देवळाच्या रस्त्यावर दुकान लावू. अनवाणी चालणारे हजारो पाय! मलम हातोहात खपेल. आम्हालाही मोह झाला. पण अंगाला लावायची वस्तू करून विकायची तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे परवाना लागतो. जागा कशी, भांडी कशी, माल कसा तपासला, सारे पाहतात. तो आमच्याजवळ नव्हता. शिवाय कोरफडीचे ते दोन डबे अजून डोळ्यांपुढे होते. ते एखाद्या चालून दमलेल्या माणसाच्या फुटलेल्या तळव्याला लागले असते तर? गटाने ठरवले, आधी परवान्याची माहिती नागपूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीतून काढायची. तोवर मलम घरापुरते. नवरात्रात रस्त्याकडेला कोमट पाण्याच्या बादल्या आणि स्वच्छ फडकी ठेवायची.

घरच्या डब्यांवर चिठ्ठ्या मात्र लावायच्या ठरल्या. चिठ्ठ्या कोणी लिहायच्या? मावशी म्हणाल्या, "मी लिहितो. 'भ' मले येते." त्यांनी पाटीवर आधी गिरवून पाहिले, मग कागदावर लिहिले. अक्षर मोठे होते, ओळ थोडी वर चढली होती. आमच्या कपाटातल्या डब्यावर ती चिठ्ठी अजून आहे:

"भेगांचे मलम. तिळाचे तेल, मेण, हळद. पाणी नाही. केले ता. १२ जानेवारी. ओला हात घालू नये."